रक्तातला ‘ध’चा ‘मा’

15 मार्च 1917. रशियाच्या वायव्य भागातल्या प्स्कोव्ह स्टेशनात झारची खास आगगाडी उभी आहे. राजधानीकडचे रूळ बंडवाल्यांच्या हाती गेल्यामुळे ती वळून, भरकटत इथवर आली आहे. वाटेत तिला दनो नावाचं एक जंक्शन लागलं होतं. रशियन भाषेत ‘दनो’ म्हणजे तळ. कादंबरीकाराने असं नाव योजलं असतं तर संपादकाने ते खोडलं असतं.

दुपारी झार दुसरा निकोलस याने आघाडीवरच्या सेनापतींच्या तारा वाचल्या. सगळ्यांचा सूर एकच होता: गादी सोडा. तो राजी झाला आणि रिवाजाप्रमाणे गादी एकुलत्या एका मुलाच्या, बारा वर्षांच्या अलेक्सीच्या नावे करायचं ठरलं. मग त्याने गाडीतले शल्यविशारद फ्योदोरोव्ह यांना बोलावलं आणि बापाने विचारावा तसा प्रश्न विचारला. माझा मुलगा बरा होईल का?

डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. हा आजार बरा होत नाही. जपून राहिला तर पुष्कळ जगेलही, पण कुठलाही अपघात अखेरचा ठरू शकतो.

रात्री ड्यूमाचे, म्हणजे संसदेचे, दोन प्रतिनिधी, गुचकोव्ह आणि शुल्गिन, डब्यात येऊन पोहोचले तोवर निर्णय बदलला होता. निकोलसने स्वतःबरोबर मुलाचाही हक्क सोडला होता आणि गादी धाकट्या भावाच्या, मिखाईलच्या नावे केली होती. वारसाच्या वतीने असा हक्क सोडायची मुभा रशियन कायद्यात नव्हती, पण त्या रात्री कायदा काढून बघायला कोणाला सवड होती? मध्यरात्रीच्या सुमाराला कागदावर सही झाली, तीही पेन्सिलीने. दुसऱ्या दिवशी मिखाईलनेही हात वर केले. निवडून आलेली सभा देईल तरच घेईन, म्हणाला. 1613 साली सुरू झालेली रोमानोव्ह घराण्याची सत्ता 304 वर्षांनी अशी संपली.

या प्रसंगाने मला कित्येक वर्षं झपाटलं आहे. त्या मुलाचं नेमकं काय बिघडलं होतं ते आज आपल्याला ठाऊक आहे, आणि तेही अक्षरशः. ‘अक्षरशः’ हा शब्द आपण उठसूट वापरतो. इथे मी तो जपून वापरतो आहे. एक अक्षर चुकलं होतं. एकच.

मराठी माणसाला एका अक्षराची किंमत वेगळी सांगायला नको. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं, ही कथा शाळेत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती कितपत टिकते हा वादाचा भाग, आणि रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं ते राघोबादादांना. पण ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार भाषेत पक्का रुजला. रोमानोव्हांच्या घरातला ध चा मा मात्र कोणा माणसाने केला नव्हता. तो रक्तात होता, आणि त्याचा पुरावा प्रयोगशाळेत सापडला आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे 300 कोटी अक्षरांचा मजकूर असतो. त्याची लिपी चारच अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. या मजकुरात जागोजागी प्रथिनं बनवण्याच्या कृती लिहिलेल्या असतात. त्यांतली एक कृती आहे ‘फॅक्टर नऊ’ या प्रथिनाची. शरीरात कुठे रक्तवाहिनी फुटली की रक्त गोठवण्यासाठी दहाबारा प्रथिनं एकामागून एक कामाला लागतात. विहिरीतून पाणी काढताना माणसं ओळीने उभी राहून हातोहात घागर पुढे देतात ना, तसंच हे. मधलाच एक जण गैरहजर असला की घागर तिथेच थांबते. फॅक्टर नऊ नसेल तर गुठळी धरत नाही. या विकाराला हिमोफिलिया ‘बी’ म्हणतात.

सुई टोचली की भळाभळा रक्त वाहून माणूस दगावतो, अशी या आजाराबद्दल एक समजूत आहे. ती चुकीची आहे. बारीक खरचटलेलं बहुतेक वेळा नीट थांबतं. खरा घात आत होतो. गुडघा, घोटा, कोपर यांच्या सांध्यात किंवा स्नायूत रक्त झिरपत राहतं. कातडी ताणून टम्म होते, मज्जातंतू दाबले जातात, पाय आखडून वर येतो. मूल दिवसरात्र किंचाळतं आणि बाहेरून पाहणाऱ्याला रक्ताचा थेंबही दिसत नाही.

या विकाराची रीतही विलक्षण आहे. फॅक्टर नऊची कृती ‘एक्स’ गुणसूत्रावर असते. बाईकडे ‘एक्स’च्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी बरंचसं भागवून नेते. पुरुषाकडे एकच, म्हणून त्याची सुटका नाही. त्यामुळे आजार आईकडून येतो आणि मुलगा भोगतो. दर मुलाला निम्मी शक्यता, जणू दर बाळंतपणाला नाणं उडवायचं. अमेरिकेतल्या जॉन ओटो या डॉक्टरने ही रीत 1803 सालीच लिहून ठेवली होती. युरोपच्या राजघराण्यांतली लग्नं जुळवणाऱ्यांनी ती वाचली नाही, किंवा वाचून मिटून ठेवली.

कारण चूक फिरत होती ती थेट व्हिक्टोरिया राणीच्या वंशात. तिच्या वडिलांना हा आजार नव्हता, आईच्या माहेरीही त्याचा मागमूस नाही. व्हिक्टोरियाचा जन्म झाला तेव्हा वडील 51 वर्षांचे होते. उतारवयातल्या बापाच्या शुक्रपेशींत नक्कल करताना अशा चुका जास्त होतात, म्हणून चूक तिथेच झाली असावी असा बऱ्याच जणांचा कयास आहे. व्हिक्टोरियाचा मुलगा लिओपोल्ड तिसाव्या वर्षी गेला. नातू फ्रिट्टी अडीच वर्षांचा असताना खिडकीतून पडला आणि त्याच दिवशी गेला. एक वाहक नात स्पेनची राणी झाली आणि तिथल्या दोन राजपुत्रांना आजार मिळाला. फ्रिट्टीची धाकटी बहीण ॲलिक्स हिने 1894 साली निकोलसशी लग्न केलं. ती झारिना अलेक्झांड्रा झाली. लंडनमध्ये मुक्काम असलेलं ते एक अक्षर असं सेंट पीटर्सबर्गला पोहोचलं.

ओल्गा, तात्याना, मारिया, अनास्तासिया अशा लागोपाठ चार मुली झाल्या. कायद्याने मुलींना गादी जवळपास बंदच होती. अखेर ऑगस्ट 1904 मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, मुलगा झाला. तोफांची सलामी झाली, चर्चच्या घंटा वाजल्या. सहा आठवड्यांनी बाळाच्या बेंबीतून रक्त येऊ लागलं आणि थांबेना. आपला भाऊ, आपला मामा कशाने गेला हे अलेक्झांड्राला माहीत होतं. तिला वेगळं निदान कशाला हवं होतं?

इथे झार दांपत्याने जो निर्णय घेतला तो माझ्या मते आजारापेक्षा महागात पडला. त्यांनी आजार लपवला. दोन खलाशी चोवीस तास मुलाच्या दिमतीला ठेवले, पण ते कशासाठी हे प्रजेला सांगितलं नाही. मुलींना फ्रेंच शिकवायला वाड्यात येणाऱ्या पिएर गिल्यार या स्विस मास्तरांनाही बराच काळ आजाराचं नाव कळलं नव्हतं. महाराणी समारंभांना का येत नाही, आली तर चेहरा दगडासारखा का, याचं उत्तर लोकांपाशी नव्हतं. लोकांनी आपापली उत्तरं शोधली. ती गर्विष्ठ आहे, मनाने जर्मनच आहे, तिला आपला तिटकारा आहे. आणि तो सायबेरियातला दाढीवाला साधू तिच्या वाड्यात येतो तरी कशाला?

रास्पुतिन कशासाठी यायचा हे माहीत असतं तर निदान काहींना तरी तिची कणव आली असती. 1912 च्या शरदात पोलंडमधल्या स्पावा इथल्या शिकारगृहात अलेक्सीच्या मांडीत आणि जांघेत रक्तस्राव झाला. कित्येक दिवस तो कण्हत होता. डॉक्टरांनी आशा सोडली, धर्मगुरूने अखेरचे संस्कार केले. अलेक्झांड्राने रास्पुतिनला तार केली. त्याचं उलटटपाली उत्तर आलं, त्याचा आशय असा की मुलगा मरणार नाही, डॉक्टरांना त्याला फार त्रास देऊ देऊ नका. त्यानंतर रक्त थांबलं. का थांबलं यावर आजही तर्क चालतात. सतत तपासणारे, दाबून बघणारे हात मागे घेतले गेले, म्हणून? आई शांत झाली आणि तिच्यामुळे मूल शांत झालं, म्हणून? की थांबायची वेळच झाली होती? आईसाठी प्रश्न मिटला होता. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. अशा वेळी आपल्यातल्या किती जणांनी अंगारा नाकारला असता, हे छातीवर हात ठेवून सांगणं कठीण आहे.

मग महायुद्ध आलं. 1915 साली निकोलस स्वतः सरसेनापती होऊन आघाडीवर गेला आणि राजधानीतला कारभार बायकोच्या सल्ल्याने चालू लागला. बायकोचा सल्लागार कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. दीड वर्षात देशाने चार पंतप्रधान पाहिले. डिसेंबर 1916 च्या अखेरीस सरदारांनीच रास्पुतिनचा खून केला, पण तोवर राजघराण्याची अब्रू चव्हाट्यावर येऊन गेली होती.

एका जनुकाने साम्राज्य पाडलं, असं लिहायचा मोह इथे होतो. मला तो आवरता घ्यावासा वाटतो. 1905 च्या जानेवारीत अर्ज घेऊन राजवाड्याकडे निघालेल्या निःशस्त्र कामगारांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा अलेक्सी पाळण्यात होता. जमिनीला मुकलेले शेतकरी, गिरण्यांतले बारा-बारा तास, आघाडीवर मेलेले लाखो जवान यांतलं काहीच फॅक्टर नऊमुळे झालं नव्हतं. क्रांतीची ठिणगी पडली ती पेट्रोग्राडच्या, म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्याच, पावाच्या रांगांत. 8 मार्च 1917, जागतिक महिला दिन. कापडगिरण्यांतल्या बायका काम टाकून रस्त्यावर उतरल्या. चार दिवसांनी राजधानीतल्या पलटणी त्यांना मिळाल्या. (रशियाचं पंचांग तेव्हा तेरा दिवस मागे होतं. म्हणून मार्चमध्ये झालेल्या या क्रांतीला इतिहासात ‘फेब्रुवारी क्रांती’ म्हणतात.) निरोगी वारस असता तरी ती भिंत कोसळलीच असती, असं मला वाटतं. एवढंच की तिचा टेकू ज्या जागी असायला हवा होता, तिथे एक आजारी मूल आणि एक झाकलेलं गुपित होतं.

पदच्युत कुटुंबाला आधी राजधानीजवळच्या त्सारस्कोये सेलो इथे नजरकैदेत ठेवलं. ब्रिटनमध्ये आसरा देण्याचं ठरत होतं. निकोलसचा सख्खा मावसभाऊ राजा पाचवा जॉर्ज याने लोकक्षोभाच्या भीतीने ते थांबवलं. दोघे दिसायला इतके सारखे की फोटोत कोण कोणता हे ओळखताना फसगत होते. ही मावस नात्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ऑगस्टमध्ये कुटुंबाला सायबेरियातल्या तोबोल्स्कला नेलं. बोल्शेविक सत्तेवर आल्यावर, 1918 च्या वसंतात, उरल पर्वतातल्या येकातेरिनबर्गला. इपातिएव्ह नावाच्या इंजिनियरचं घर ताब्यात घेऊन, खिडक्यांच्या काचा चुन्याने रंगवून, भोवती उंच कुंपण घातलं होतं. निकोलस तिथे 78 दिवस राहिला.

16 जुलैच्या मध्यरात्रीनंतर कमांडंट याकोव्ह युरोव्स्कीने सगळ्यांना उठवलं. शहरात धोका आहे, तळघरात चला. अलेक्सीला तोबोल्स्कपासून नीट चालता येत नव्हतं. निकोलसने त्याला उचलून खाली नेलं. मागोमाग राणी, चार मुली, डॉक्टर बोत्किन, दासी देमिदोवा, स्वयंपाकी खारितोनोव्ह आणि नोकर ट्रूप. एकूण अकरा जण. खोलीत काहीच नव्हतं. राणीने विचारल्यावर खुर्च्या आणल्या गेल्या. मग युरोव्स्कीने एक कागद वाचून दाखवला आणि बंदुका सुरू झाल्या.

पुढे जे घडलं त्याने मारेकरीही हबकले. मुलींच्या अंगावर गोळ्या लागून उसळत होत्या. मुली तोबोल्स्कलाच मागे असताना येकातेरिनबर्गहून त्यांना आलेल्या पत्रात ‘औषधं’ नीट सांभाळा असा निरोप होता. ही औषधं म्हणजे घरातले हिरे आणि मोती. मुलींनी ते काचोळ्यांत टाका टाका घालून शिवले होते. पुढेमागे सुटलो तर उपयोगी पडतील म्हणून शिवलेलं ते जडजवाहीर नकळत चिलखत झालं, आणि त्यामुळे त्यांचं मरण लांबलं. याहून जास्त इथे लिहिणं नको.

प्रेतं शहराबाहेरच्या जुन्या खाणीत टाकली, मग बोभाटा होईल म्हणून पुन्हा बाहेर काढली. दुसरीकडे नेताना ट्रक चिखलात रुतला. दोन प्रेतं बाजूला नेऊन जाळली, उरलेली नऊ तिथेच रस्त्यात पुरली, वर आम्ल ओतलं आणि रेल्वेचे लाकडी स्लीपर अंथरले. आठवडाभरात बोल्शेविकांच्या विरोधातली श्वेत फौज शहरात शिरली. तिच्या तपास अधिकाऱ्याला, सोकोलोव्हला, खाणीपाशी डॉक्टरांची कवळी, एक तुटलेलं बोट, काचोळ्यांच्या पट्ट्या आणि दागिन्यांचे तुकडे सापडले. प्रेतं सापडली नाहीत. युरोपभर तोतया अनास्तासिया निघू लागल्या त्या यामुळे.

साठ वर्षं गेली. 1977 साली इपातिएव्हचं घरही पाडून टाकलं. त्या भागाचा पक्षप्रमुख तेव्हा बोरिस येल्त्सिन नावाचा गृहस्थ होता. दोन वर्षांनी अवदोनिन या भूगर्भतज्ज्ञाने आणि र्‍याबोव्ह या पटकथालेखकाने, युरोव्स्कीने मागे ठेवलेल्या टिपणाचा माग काढत, ते स्लीपर शोधले. खाली कवट्या होत्या. दोघांनी दहा वर्षं तोंड शिवून ठेवलं. सोव्हिएत राजवट खिळखिळी झाल्यावर, 1991 साली, सरकारने खड्डा रीतसर उघडला. सांगाडे निघाले नऊ.

हाडं कोणाची हे सांगायचं कसं? इथून गोष्ट पुन्हा अक्षरांकडे वळते.

पेशीच्या केंद्रकात ते 300 कोटी अक्षरांचं बाड असतं. त्याखेरीज पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात, आणि त्यांची स्वतःची 16,569 अक्षरांची एक छोटी पोथी असते. एका पेशीत तिच्या शेकड्यांनी प्रती. म्हणून आम्लात भिजलेल्या, सत्तर वर्षं मातीत पडलेल्या हाडातही एखादी वाचण्याजोगी उरते. ही पोथी फक्त आईकडून येते. मुलगा ती जन्मभर वागवतो, पण पुढे देऊ शकत नाही. मुलगी देते. आपलं आडनाव बापाकडून येतं. ही पोथी म्हणजे आजोळचं आडनाव. आजीचं, पणजीचं, खापरपणजीचं, जे कुठल्याच वंशावळीत लिहिलेलं नसतं.

अलेक्झांड्राच्या आजोळचं आडनाव कोण वागवत होतं? इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीचा नवरा प्रिन्स फिलिप. त्याच्या आईची आई ही अलेक्झांड्राची थोरली बहीण. त्याने रक्त दिलं. पीटर गिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आणि रशियाच्या पावेल इवानोव्हने 1993 साली निकाल जाहीर केला. राणी आणि तिथे सापडलेल्या तिन्ही मुली यांची पोथी फिलिपशी अक्षरन् अक्षर जुळली.

निकोलससाठी त्याच्या आजीच्या वंशातले दोघे सापडले. त्यांतला एक ड्यूक ऑफ फाइफ, राजा पाचवा जॉर्ज याच्या सख्ख्या बहिणीचा नातू. ज्या मावसभावाने आसरा नाकारला, त्याच्याच बहिणीचं रक्त निकोलसची ओळख पटवायला आलं. सगळं जुळलं. फक्त 16,169 व्या जागी घोटाळा होता. नातलगांकडे तिथे ‘टी’. निकोलसच्या हाडात ‘सी’ही होतं आणि ‘टी’ही.

एकाच माणसात एकाच जागी दोन अक्षरं? ज्ञानेश्वरीच्या पोथ्या चाळलेल्याला यात नवल वाटणार नाही. तो म्हणेल, पाठभेद आहे. नकला होता होता एका प्रतीत अक्षर बदलतं आणि काही काळ दोन्ही पाठ शेजारी शेजारी नांदतात. शरीरातही असं होतं. पण 1993 साली हे इतकं दुर्मीळ वाटलं की शंकेखोरांना आयतं कोलीत मिळालं. नमुन्यात भेसळ आहे, हा झार नव्हेच.

वाद मिटवायला एक कबर उघडावी लागली. निकोलसचा धाकटा भाऊ जॉर्जी क्षयाने 1899 साली वारला होता आणि सेंट पीटर्सबर्गच्या कॅथीड्रलमध्ये संगमरवराखाली पुरला होता. 1994 साली त्याची हाडं काढून अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेत तपासली. 16,169 व्या जागी दोन अक्षरं: ‘सी’ आणि ‘टी’. तोच पाठभेद, आईच्या पोटातून दोघा भावांना आलेला. ज्या अक्षराने शंका निर्माण केली होती, तेच सगळ्यांत बळकट पुरावा ठरलं.

या जॉर्जीचा आणि आपल्या मुंबईचा संबंध आहे, हे मला कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच होतो. 1890 साली निकोलस युवराज असताना दोघे भाऊ ‘पाम्यात अझोवा’ या युद्धनौकेवरून पूर्वेच्या सफरीला निघाले. डिसेंबरात बोट मुंबई बंदराला लागली. इथेच जॉर्जीची प्रकृती बिघडली आणि त्याला इथूनच माघारी धाडलं. निकोलस भावाविना पुढे गेला, हिंदुस्थान पाहून पार जपानपर्यंत. तिथे मे 1891 मध्ये ओत्सू गावी बंदोबस्तातल्याच एका पोलिसाने त्याच्या डोक्यावर तलवार चालवली. बरोबरच्या ग्रीक राजपुत्राने हातातली बांबूची छडी मध्ये घातली म्हणून तो वाचला. रक्ताने भिजलेला सदरा रशियात परत आला आणि हर्मिटाज संग्रहालयात जपला गेला.

2007 च्या उन्हाळ्यात पहिल्या खड्ड्यापासून साधारण सत्तर मीटरवर हौशी शोधकर्त्यांना जळलेल्या हाडांचे तुकडे मिळाले. दोघांचे मिळून 44. एक मुलगा, एक मुलगी. यादीतले राहिलेले दोघे. शास्त्रज्ञांनी नव्याने तपासणी केली आणि या वेळी तुलनेला तो ओत्सूचा सदरा काढला. 116 वर्षांपूर्वीच्या डागांतही अक्षरं शाबूत होती, आणि ती जुळली. मृत झारचा साक्षीदार जिवंत झारच होता.

अकरापैकी अकरा सापडले, म्हणजे कोणीच निसटलं नव्हतं. बर्लिनच्या कालव्यातून 1920 साली बाहेर काढलेली आणि पुढे जन्मभर मी अनास्तासिया म्हणत राहिलेली ॲना अँडरसन 1984 साली वारली होती. तिच्या आतड्याचा एक तुकडा अमेरिकेतल्या एका इस्पितळात शस्त्रक्रियेनंतर राहिला होता. तो 1994 मध्येच तपासला गेला होता. त्याचं आजोळ रोमानोव्हांचं नव्हतं. ते फ्रान्झिस्का शान्झकोव्स्का या पोलिश कामगार मुलीच्या घराशी जुळलं.

आता एकच प्रश्न उरला होता, प्स्कोव्हच्या डब्यातला. मुलाला नेमकं झालं काय होतं? हिमोफिलिया हे सगळे धरून चालले होते, पण कुठला आणि कशामुळे, ते कोणी पाहिलं नव्हतं. एव्गेनी रोगाएव्ह आणि सहकाऱ्यांनी हाडांतल्या चिंध्या झालेल्या मजकुरातून फॅक्टर नऊची कृती जुळवून वाचली. 2009 साली निष्कर्ष छापून आला. कृतीतल्या कामाच्या मजकुरात मध्ये मध्ये निरुपयोगी तुकडे असतात, आणि प्रथिन बनवण्याआधी पेशी ते कापून टाकते. तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी, कापायच्या खुणेच्या अगदी तोंडाशी, ‘ए’च्या जागी ‘जी’ होता. कात्री जरा आधीच चालायची. तिथून पुढची सगळी अक्षरं सरकायची, वाक्य निरर्थक व्हायचं आणि मध्येच पूर्णविराम पडायचा. फॅक्टर नऊ पुरा बनतच नव्हता. आईकडे एक प्रत बरोबर होती, एक चुकीची. अलेक्सीकडे चुकीची तेवढी होती.

व्हिक्टोरिया राणीने वारसांना दिलेला ध चा मा तो हाच. मला सगळ्यांत जास्त थक्क करते ती त्याची गुप्तता. त्या कुटुंबाने आजाराचं नाव बाहेर जाऊ नये म्हणून दार-खिडक्या लावून घेतल्या, आपली बदनामी होऊ दिली, पण सांगितलं नाही. आणि ज्यांनी त्यांना जाळलं, आम्ल ओतलं, चिखलात दडपलं, त्यांनाही काहीच बाहेर येऊ द्यायचं नव्हतं. दोघांचंही गुपित एकाच ठिकाणी राहिलं, काही ग्रॅम हाडात.

आज हिमोफिलिया ‘बी’च्या मुलाला बाहेरून फॅक्टर नऊचं इंजेक्शन देता येतं आणि तो मैदानात खेळूही शकतो. 2022 साली अमेरिकेत या आजारावरच्या जनुकोपचाराला मान्यता मिळाली. शिरेतून एकदाच द्यायचं औषध. फॅक्टर नऊच्या कृतीची एक शुद्ध प्रत ते यकृताच्या पेशींपर्यंत पोहोचवतं.

17 जुलै 1998 रोजी, हत्येला बरोबर 80 वर्षं झाली त्या दिवशी, निकोलस, अलेक्झांड्रा, तीन मुली आणि चार सेवकांना सेंट पीटर्सबर्गच्या कॅथीड्रलमध्ये पुरलं. राष्ट्राध्यक्ष म्हणून मान झुकवायला बोरिस येल्त्सिन हजर होते. अलेक्सी आणि त्याच्या बहिणीचे 44 तुकडे तेव्हा सापडायचे होते. सापडल्यावर ते काही वर्षं सरकारी अभिलेखागारात राहिले आणि 2015 च्या अखेरीस, दफन न होताच, मॉस्कोच्या एका मठात हलवले गेले.